मागं बघत पळणारी

हौसा, तुझ्यासाठी एक निरोप आहे. पण तो मी शेवटी सांगणार. आधी सांगून टाकला तर तू पुढचं काही ऐकायची नाहीस, हे मी एवढ्या वर्षांत पुरतं ओळखून आहे. कामापुरतं ऐकून झालं की तू पदर खोचायचीस आणि वाटेला लागायचीस. मागं बोलणारं माणूस आपलं बोलतच राहायचं. आता मात्र बस जरा. मेंढरांची काळजी करू नकोस. ती आमच्याकडंच आहेत.

तू गेलीस त्याला महिना होत आला. सकाळी शेळीची धार काढलीस, चहा घेतलास, उन्हाला म्हणून भिंतीला टेकून बसलीस आणि तशीच गेलीस. सुट्टीला आलेली तुझी धाकटी सून सांगत होती, कपात अर्धा चहा शिल्लक होता. मला त्याचंच नवल वाटलं. तू चहा कधी अर्धा टाकत नव्हतीस. भेटायला आलेली माणसं म्हणत होती, म्हातारी सुखानं गेली, कुणाला त्रास दिला नाही. मी मान हलवली. त्रास दिला नाही म्हणे! मला तुझ्याएवढा त्रास सासूनं दिला नाही की नवऱ्यानं नाही, आणि आता तो त्रास नाही म्हणून दुपारचं घर खायला उठतं.

एक आधीच सांगते. तुझ्या दादाला मी जन्मभर 'आवं' म्हणत आले, पण इथं मी 'तो' असंच लिहिणार आहे. माझा नवरा असला तरी तुझ्यामाझ्या बोलण्यात तो कायम तुझा दादाच होता, आणि तुझ्याशी बोलताना त्याला उगीच मान देत बसायचं मला जमत नाही. चुगली करायला तू आता काही येत नाहीस.

तुला आठवतं ना, मला या घरात कुणी आणलं ते? तुझ्या दादानं नाही. तो तेव्हा वर कुठंतरी बर्फात बंदूक घेऊन उभा होता. दुष्काळाचं साल होतं, माणदेशात जनावराला चघळायला काटकी उरली नव्हती. तू आणि तुझे वडील, आबा, मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठी उतरलात आणि सांगलीकडं आमच्या रानात, ऊस तुटून मोकळ्या झालेल्या जागेत, वाघर लावलीत. ते जाळीचं कुंपण मी पहिल्यांदाच जवळून बघत होते. आत मेंढरं बसली की रानाला खत मिळायचं आणि तुम्हाला धान्य. आमचे आजोबा माणातूनच खाली आलेले, त्यामुळं माझे वडील रोज संध्याकाळी तुमच्यापाशी येऊन बसायचे आणि तिकडच्या दुष्काळाचं ऐकून डोळे पुसत घरी जायचे.

मी भाकऱ्या घेऊन आले होते. तू माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलंस, बाजारात मेंढी बघावी तसं, आणि आबांना म्हणालीस, "आबा, ही माजी वैनी. दादाला कळवा."

"आगं, पर त्येला इचारायचं न्हाई व्हय?"

"त्येला काय कळतंय?"

असं ठरलं माझं लग्न. मलाही कुणी विचारलं नाही. पण विचारलं असतं, तरी मी हो म्हटलं असतं ते तुझ्याकडं बघून. तू उठलीस की सगळा कळप उठायचा, तू थांबलीस की थांबायचा. काठी नाही, आरडाओरडा नाही. माझ्याएवढीच पोर, आणि एवढी जनावरं हिच्या मागं मागं कशी येतात, याचं मला कोडं पडलं होतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुझी मान आधीच ताठ, आणखी ताठ करून काय करायचं होतं?

पाण्यातून उचललंस आणि मला माळावर आणून टाकलंस. माहेरी दाराशी पाट वाहायचा. इथं विहीर होती, तळाशी पाणीही होतं, पण मोट ओढणारे बैल दुष्काळानं नेले होते. पोहऱ्यानं शेंदून शेंदून माझ्या हातांची सालं निघाली. तू मला रडताना बघितलंस, घागर काढून घेतलीस आणि म्हणालीस, "रड, पर घागरीत रड. तेवढंच पानी." मी हसायला लागले. तिथून आपलं जुळलं.

मग त्र्याहत्तरला पाऊस पडला. किती दिवसांनी माळ हिरवा झाला. बाजरी कमरेला लागली, ओढ्याला पाणी आलं, आणि दसऱ्याला तुझा दादा सुट्टी काढून घरी आला. लग्नाला आला तेव्हा चार दिवस राहून गेला होता. या वेळी दिवाळीपर्यंत राहणार होता. काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव, आणि आत टॉवेलात गुंडाळलेला एक चकचकीत कप. पलटणीत त्यानं पळण्याची शर्यत मारली होती. आबांनी तो कप उलटासुलटा करून बघितला आणि देवाजवळ ठेवला. तू विचारलंस, "ह्येच्यात च्या पीत्यात का?"

दसऱ्याचं सोनं वाटून झालं आणि दुसऱ्या सकाळपासून त्याचं पळणं सुरू झालं. पायात पांढरे पीटी शूज, गुडघ्याच्या वर चड्डी. आपल्या वाडीत बाप्या माणूस विनाकारण पळताना कुणी बघितला नव्हता. कुत्री मागं लागायची. म्हाताऱ्या दारात येऊन विचारायच्या, कुनाचं काय झालं गं? तू मेंढरं घेऊन ओढ्याकडं निघालेली असायचीस. एकदा तर त्याला आडवीच गेलीस.

"दादा, कोन लागलंय रं मागं?"

"कोन न्हाई. सराव हाय."

"मग कुनाला गाठाया निघालायस?"

"कुनाला न्हाई."

"मागं कोन न्हाई, म्होरं कोन न्हाई, आन् मानूस पळतंय! मिलटरीत डोकं काढून ठिवत्यात काय रं?"

तो घाम पुसत उभा राहिला आणि तू मेंढरांसकट त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेलीस. घरी येऊन मला म्हणाला, "ही पोरगी सासरी टिकायची न्हाई." मी म्हटलं, "टिकंल. सासरची माणसं टिकत्यात का बघायचं." तो पहिल्यांदा माझ्याशी मोकळा हसला. म्हणजे बघ, आमचा संसारसुद्धा तुझ्या चेष्टेवरच उभा राहिला.

ते दिवस फार गोड होते, हौसा. कोजागिरीला शेळीचं दूध आटवलं आणि तू सायीवरून दादाशी भांडलीस. मेंढरांची लोकर कातरून झाली. बाजरीची कणसं खुडून अंगणात पडली. बाजरीच्या राशीवर बसून आपण दोघींनी दिवाळीचे बेत केले. माझे बेत करंज्यांचे, तुझे मेंढरांच्या शिंगांना कुठला रंग द्यायचा याचे.

त्यातच ती इंजिनाची गोष्ट निघाली. तुझ्या दादाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तो म्हणाला, "आबा, दुष्काळ पुन्यांदा येनारच. मेंढरं घिऊन किती दिस हिंडायचं? इकून टाकू. हिरीवर इंजिन बसवू. घरापुढं मळा हुईल." म्हसवडचा एक व्यापारी दिवाळी झाली की येऊन सगळा कळप एकदम घ्यायला तयार होता.

तू जेवत होतीस. हात तसाच ताटात राहिला. "दुस्काळात मी जगिवल्यात ती. आन् आता पाऊस पडला, तर इकायची?"

"म्हनूनच आता दर बरा यील."

"मग मला बी इक. माजा बी दर बरा यील."

आबा दोघांच्या मधे बसलेले. एकीकडं पगार पाठवणारा लेक, दुसरीकडं कळप जगवणारी लेक. त्यांनी हात धुतले, तंबाखू मळली आणि म्हणाले, "पाडव्याला बिरूबाच्या माळावर बघू. मेंढरं ज्येच्या मागं जात्याल, त्येचं ऐकायचं." तू एकदम खुलून गेलीस. तुझा दादाही खुलला. पळायचंच आहे ना, मग काय! पलटणीत कप मारलेला माणूस.

त्या संध्याकाळी तू मला वाघरीपाशी गाठलंस. "वैनी, तुला बी इंजिन पायजेच न्हवं?"

मी हातांकडं बघितलं. खोटं बोलावंसं वाटलं नाही. म्हटलं, "पाणी पाहिजे, हौसा."

तू कळपातली पुढची मेंढी, ती गंगी, तिच्या कपाळावर हात फिरवत राहिलीस. रागावली नाहीस. फक्त म्हणालीस, "व्हय. पानी तर पायजेच." मला त्यापेक्षा तू भांडली असतीस तर बरं वाटलं असतं.

पाडव्याला सकाळी आपण वाघरीच्या तोंडाशी चूल मांडून दूध उतू घातलं. मेंढरांच्या पाठीवर गेरूचे ठिपके काढले, शिंगांना रंग, गळ्यात लोकरीचे गोंडे. गंगीला मी माझ्या रुखवतातली मण्यांची माळ घातली. तू म्हणालीस, "नवरीपरास ही बरी दिसतीया." मग सगळी वाडी माळावर गेली.

माळाच्या एका टोकाला चिंच, दुसऱ्या टोकाला देऊळ. धन्यानं चिंचेखालून निघायचं आणि देवळाच्या पायरीपर्यंत पळायचं. त्याची मेंढरं त्याच्या मागून आली पाहिजेत. मागून हाकायला माणूस नाही, कुत्रं नाही. कळप न फुटता पायरीशी पोचला की पुजाऱ्यानं भंडारा उधळायचा. मला पहिल्यांदा वाटलं, ही माणसांची शर्यत आहे. मी कृष्णाकाठची, मला काय माहीत? पण तुझा दादा तर याच माळावर वाढलेला. इतकी वर्षं बाहेर राहून तोही विसरला होता.

आबांनी त्याला सांगितलं, "हळू पळ. मागं बघत पळ."

"आबा, आमच्या उस्तादानं शिकीवलंय. पळताना मागं बघितलं की मानूस हारतंय."

आबांनी पटका सारखा केला आणि बाजूला झाले.

काय पळाला तो, हौसा! एवढं तरी तुला मान्य करावंच लागेल. पांढरे शूज नुसते लखलखत होते. मी बायकांच्या घोळक्यात तुझ्याशेजारी उभी होते आणि माझा ऊर अभिमानानं भरून आला होता. मेंढरं थोडी लांब त्याच्या मागं गेली. मग गंगी थांबली. लांब लांब जाणाऱ्या त्या पांढऱ्या शूजकडं तिनं जरा वेळ बघितलं, आणि मान खाली घालून चरायला लागली. ती चरायला लागली म्हटल्यावर बाकीचीही लागली. सगळ्या वाडीसमोर आपला कळप माळाच्या मधोमध निवांत चरत होता आणि तुझा दादा एकटाच देवळाकडं सुसाट निघाला होता. लोक हसायला लागले. त्याला वाटलं, शाबासकी देतायत. त्यानं वेग आणखी वाढवला.

तू माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतंस की एक बांगडी वाढली. मी तुझ्याकडं बघितलं. तू हसत नव्हतीस. मेंढरं कुणाच्याच मागं गेली नाहीत, म्हणजे आबांच्या शब्दाला काही अर्थ राहिला नाही, म्हणजे व्यापारी येणार. मग तू माझा हात सोडलास आणि जीभ टाळूला लावून तो आवाज काढलास, तो तुझा रोजचा, ट्रर्रर्र. आणि म्हणालीस, "या गं बायांनू."

मोठ्यानं नाही हं. घरात हाक मारावी तेवढ्याच आवाजात. गंगीनं मान वर केली.

पुढं जे झालं त्याला तूही जबाबदार नाहीस आणि मीही नाही. सगळा कळप वळला आणि थेट आम्हा बायकांवर चालून आला. बायका किंचाळत पळाल्या. म्हातारी शेवंताकाकू तर बांधावर चढून बसली. तू तिथंच उभी राहिली असतीस तर आमच्यातली एखादी तुडवली गेली असती. म्हणून तू पळालीस. लुगड्याचा काष्टा वर खोचलास आणि देवळाची वाट धरलीस. असंच सांगायचीस ना तू? मी सगळ्यांना हेच सांगितलं. पण काष्टा तू शर्यत सुरू व्हायच्या आधीच खोचला होतास, हे मी बघितलं होतं.

तुझं पळणं त्याच्यासारखं देखणं नव्हतं. तू घडीघडी मागं बघत होतीस. एक लंगडं कोकरू मागं पडलं तेव्हा तू चक्क थांबलीस. शर्यतीत थांबलेलं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. कोकरू येऊन मिळालं, मग तू पुन्हा निघालीस. माळावर आता कुणी हसत नव्हतं.

तुझा दादा पायरीवर दोन्ही हात वर करून उभा होता, डोळे मिटून धापा टाकत. डोळे उघडून वळला तर समोर तू, आणि तुझ्यामागं सगळी मेंढरं.

"तू कशाला आलीस?"

"तुजी मेंढरं घिऊन आले."

पुजाऱ्याला कळेना, भंडारा कुणावर उधळायचा. त्यानं बिचाऱ्यानं मूठ भरली आणि सरळ आभाळात फेकली. दोघंही पिवळी झालात. आणि तिथूनच ते भांडण सुरू झालं, जे तुम्ही दोघांनी गेल्या दिवाळीपर्यंत घातलंत. तो म्हणायचा, पायरीला आधी मी पोचलो, शर्यत माझी. तू म्हणायचीस, एकटाच पोचलास, शर्यत माझी. तो म्हणायचा, तू शर्यतीत नव्हतीसच, बायकांत उभी होतीस. तू म्हणायचीस, ते मेंढरांना सांग.

संध्याकाळी मी त्याला पाडव्याचं ओवाळलं. कानांच्या पाळ्या अजून पिवळ्या होत्या आणि तोंड फुगलेलं. "खरं सांग, कोन जिकलं?"

"तुमी लय झ्याक पळला."

"त्ये न्हाई इचारलं."

मी निरांजन खाली ठेवलं आणि करंजी पुढं केली. नव्या नवरीला आणखी काय करता येतं?

आबांनी मात्र शब्द फिरवला नाही आणि पाळलाही नाही. लेकाचं उतरलेलं तोंड बघून म्हणाले, "भाऊबीज हू द्या. मग बघू." तुझं अवसानच गेलं. तू जेवली नाहीस. वाघरीत गंगीच्या पाठीला टेकून बसून राहिलीस.

दुसऱ्या दिवशी आम्हाला माझ्या माहेरी जायचं होतं, दिवाळसणाला. नवा जावई पहिल्यांदा सणाला येणार म्हणून आईनं कधीची तयारी केलेली. आबा म्हणाले, हौशीलाबी न्या, न्हाईतर हिची भाऊबीज र्‍हाईल. आता वाटतं, म्हातारा फार धोरणी होता. पहाटेची दहिवडीची एसटी, मग विट्याला गाडी बदलली. तू खिडकीशी बसलीस आणि वाटेत लागणाऱ्या प्रत्येक कळपाला नावं ठेवत गेलीस. दादाशी एक अक्षर बोलली नाहीस. मी दोघांच्या मधे बसून एकाला तिळाचा लाडू देत होते, दुसरीला पाणी देत होते. कृष्णेचा पूल आला तेव्हा तू हात जोडलेस आणि हळूच म्हणालीस, "हिनंच जगिवली माजी मेंढरं."

दुपारी अंगणात पाट मांडले. मी माझ्या भावांना ओवाळलं. मग तुझा दादा पाटावर बसला. जावई बघायला अर्धी आळी जमली होती. तू कुंकू लावलंस, अक्षता टाकल्यास, सुपारी फिरवलीस, ओवाळलंस. त्यानं जरीकाठाचं लुगडं ताटात ठेवलं. पलटणीच्या गावाहून तुझ्यासाठी निवडून आणलेलं होतं ते, मला दाखवलंही नव्हतं. तू एका बोटानं ते मागं सारलंस.

"ह्ये नगं."

"मग काय पायजे?"

"मेंढरं."

माझ्या आईचा चेहरा उतरला. तिला वाटलं, लेकीच्या पहिल्या सणाला नणंद काय तमाशा मांडते. तू ताट धरून उभी. "इकायची न्हाईत. येवढीच घाल ववाळनी. न्हाईतर ताट खाली ठिवत न्हाई."

आता ऐक, हौसा. तुला माहीत नाही अशी एकच गोष्ट माझ्याजवळ आहे, ती ही. तुझी पाठ माझ्याकडं होती. तुझ्या दादानं तुझ्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं. माझ्यासाठीच मागत होता ना तो इंजिन. त्यानं माझे हात बघितले होते. मागं आईच्या दारातला पाट खळखळत होता. मी त्याच्याकडं बघून मान हलवली. एवढीशीच. दे म्हणून. हे मी तुला आजवर सांगितलं नाही, कारण ती ओवाळणी त्याची होती आणि मागणं तुझं. मधे माझं कशाला? पण तू मला त्या माळावर आणलंस, घागर घेतलीस, हसवलंस, आणि मला काहीतरी तुझ्या ताटात टाकावंसं फार वाटत होतं. तर माझीही ओवाळणी होती त्यात. आज सांगून टाकते.

तुझ्या दादानं घसा साफ केला. "दिली. पर एक अट हाय. म्हन, दादा जिकला."

"मेंढरं दे. त्ये म्हननार न्हाई."

"मग दिली न्हाई."

"मग मी बी हलत न्हाई."

माझे वडील मोठ्यानं हसले. "जावईबापू, पोरीचं हात दुकत्याल. द्या आता."

"दिली, दिली! पर जिकलो म्या."

तू ताट खाली ठेवलंस, दादाच्या पाया पडलीस आणि तिथंच अंगणात बसून रडलीस. मग उठून चार करंज्या खाल्ल्यास. लुगडंही घेतलंस.

त्यानंतर सगळं बरंच झालं, हौसा. पुढं आबांनी तुला अर्धा कळप आंदण देऊन डोंगरापलीकडच्या वाडीत दिली. तुझ्या घरचा माणूस शांत होता, तुला शोभणारा. तुम्हा दोघांत बोलायचं काम एकट्या तुलाच. दादा पेन्शनीत आला तेव्हा इंजिनही बसलं. पहिलं पाणी पाटात सोडलं, तेव्हा पाय सोडून सगळ्यात आधी बसलीस ती तूच आणि म्हणालीस, "वैनी, म्या म्हनलंच न्हवतं का, पानी पायजे म्हनून?" तुझी लाज वाटावी की कौतुक, ते मला कधी ठरवता आलं नाही. मी बालवाडीत शिकवायला लागले, मुलं मोठी झाली, सुना आल्या. आणि दर पाडव्याला तू डोंगर उतरून तुझी मेंढरं घेऊन त्याच माळावर यायचीस. आधी पळायचीस, मग झपझप चालायचीस, अलीकडं काठी टेकत. मेंढरं तशीच मागं. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. ताट धरून तू म्हणायचीस, "म्हन, हौशी जिकली." तो म्हणायचा, "दुसरं काय बी माग." गेल्या वर्षी त्यानं स्वेटर घातला ओवाळणीत. तू तो घालून वर पुन्हा म्हणालीस, "पर जिकले मीच."

तुझी पोरं मुंबईची. तेरावं झाल्यावर त्यांनी उरलेली मूठभर मेंढरं टेंपोत घालून आमच्या वाघरीत आणून सोडली. मामाकडंच असू देत म्हणाले. दोन दिवस ती बाहेर निघेनात. आमच्या गड्यानं ओढलं, हाकललं, पाला दाखवला. कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभी. तुझा म्हातारा दादा खाटेवरून नुसता बघायचा. सरणाजवळसुद्धा तो रडला नव्हता. "लय घाई हिला," एवढंच म्हणाला होता.

परवा सकाळी तो काठी घेऊन उठला. गुडघे धरून वाघरीपाशी गेला, जाळी बाजूला केली, आणि जीभ टाळूला लावली. कवळी घातल्यापासून त्याला साधी शीळ जमत नाही. कसलातरी फुसका आवाज निघाला. पुन्हा केला. तिसऱ्यांदा जरा जमला. एका मेंढीनं मान वर केली. तो वळून चालायला लागला. दोन पावलं गेला आणि थांबला. मागं बघितलं. पुन्हा दोन पावलं. पुन्हा मागं बघितलं. सगळा जन्म ज्यानं उस्तादाचं ऐकलं, तो माणूस, हौसा, घडीघडी मागं बघत चालला होता. आणि ती आली. एकामागून एक, सगळी. चिंचेपर्यंत गेली त्याच्या मागं.

मी दारातून बघत होते. परत आला तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा मात्र हसरा होता. खाटेवर बसला, दम खाल्ला आणि मला म्हणाला, "तिला सांग."

"काय सांगू?"

"ती जिकली व्हती म्हनून. औंदाची ववाळनी समज म्हनावं."

"आवं, आता कुठं सांगू तिला?"

"तू लिवतीस न्हवं? मग लिव."

म्हणून हे लिहायला बसले. तर निरोप हा असा. त्र्याहत्तरच्या पाडव्याची शर्यत तू जिंकलीस. तुझ्या दादानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं आहे आणि मी ऐकलं आहे. यंदा पाडव्याला तोच तुझी मेंढरं घेऊन माळावर जाणार म्हणतो, हळूहळू, पायरीपर्यंत.

ताट आता खाली ठेव, हौसा. हात दुखले असतील.